डाव्या बाजूचं स्टिअरिंग

सोमवार, ४ मार्च

पत्राच्या वर काय लिहावं ते ठरेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. 'प्रिय' लिहायची इच्छा नाही, आणि दुसरं जे मनात आहे ते जावईबापूंच्या हातून पाठवण्यासारखं नाही. कामाला जाताना ते आपल्या ड्रायव्हिंग स्कूलवरूनच जातात, म्हणून त्यांच्याकडे देते आहे. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. कागदाला मध्ये अडवता येत नाही.

पहिलं म्हणजे मी चिमणीकडे सुखरूप आहे. कपाळावरचं टेंगूळ उतरलं, आता नुसता डाग आहे. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. नात रोज सकाळी उठून आधी माझं कपाळ बघते आणि "आजी, आज हिरवं झालं" असं घरभर जाहीर करते.

दुसरं म्हणजे मी का आले. तुम्ही चिमणीला सांगितलंत की आईला नव्या गाडीचा वास सोसत नाही. खरंच नाही सोसत. जवळजवळ माझ्याच वयाची अमेरिकन गाडी, आणि तिच्या पोटात स्ट्रॉबेरीचा वास! आरशाला टांगलेली ती गुलाबी बाटली हलली की माझ्या पोटातलंही हलतं. पायाखाली जांभळी लोकर. पहिल्या दिवशी हौसेने चप्पल काढून पाय ठेवला तर बोटं चिकटली. आधीच्या मालकाने तिथे काय काय सांडलं असेल, या विचाराने घरी येऊन मी गरम पाण्यात पाय घालून बसले होते. गिअरच्या दांड्यावर कवटी, कवटीच्या डोळ्यांत लाल दिवे. नारिंगी अंगावर पिवळे जाळाचे लोळ. मागे चार चकचकीत नळकांडी, आणि हॉर्न दाबला की बैल हंबरतो. बैल! इतकी वर्षं तुम्ही शिकणाऱ्यांना सांगत आलात की हॉर्न म्हणजे विनंती.

आणि त्यात बसलेले तुम्ही. अर्ध्या बोटांचे ते हातमोजे. तो काळा कुळकुळीत कलप, घाम आला की त्याचा ओघळ कानामागून थेट कॉलरवर. ती कॉलर दगडावर घासताना मला शिसारी आली. रागाची मला सवय आहे, संसारात राग येतो आणि जातो. शिसारीचं काय करायचं ते मला माहीत नाही, म्हणून पिशवी भरली आणि इथे आले.

चष्मेवाल्याच्या पायरीवर गाडी आपटली त्याबद्दल आज काही लिहीत नाही. डॉक्टरांनी डोक्याला ताण देऊ नका म्हणून सांगितलंय.

कुंड्यांना पाणी घाला. नुसतं दाखवू नका, घाला.


शुक्रवार, ८ मार्च

पत्राला उत्तर नाही. जावईबापूंबरोबर तोंडी निरोप, "तिला सांगा, हौसेला मोल नसतं." जावईबापू बिचारे निरोप सांगताना बुटाच्या लेसकडे बघत होते.

असतं हो मोल. तुमच्या हौसेचं मोल म्हणजे आपली पांढरी. ती शिकवायची गाडी होती, आपल्या स्कूलची एकुलती एक. सगळ्या गावाने तिच्यावर हात साफ केला. तिला कुठून कुठे पोचे आहेत ते मला अंधारात हात फिरवूनसुद्धा सांगता आलं असतं. ती तुम्ही मला न विचारता विकलीत. शिकणारे येताहेत, वर्गात बसून रस्त्याच्या खुणा पाठ करताहेत आणि गाडी कधी सुरू होणार म्हणून मला इथे फोन करताहेत. मी त्यांना काय सांगू? सरांची गाडी आली आहे, पण तिच्यात शिकवता येत नाही, फक्त मिरवता येतं?

ही बया मात्र कानामागून आली आणि तिखट झाली.

तुम्ही गेला होतात रंगाऱ्याकडे, पांढरीच्या बंपरला रंग लावायला. तिथे ही उभी होती, कुणा दातांच्या डॉक्टराने सजवून घेतलेली आणि मग बायकोच्या भीतीने विकायला काढलेली. (त्या बाईंना एकदा भेटायला हवं.) रंगारी म्हणाला, "सर, नुसतं बसून तर बघा." तुम्ही बसलात. रंगारीच मला सांगत होता, "काकू, सर बसले ते उठेचनात हो. चहा गार झाला. मी विचारलं, चावी देऊ का, तर बोललेच नाहीत." मी तेव्हा हसले. म्हटलं, म्हातारचळ, दुसरं काय.

संध्याकाळी तुम्ही माझ्यासमोर ताट सरकवून म्हणालात, "तुला नाही कळायचं." पण इथे रिकामपणी बसून मला ते कळलं आहे. ऐका.

तुमचा जन्म डावीकडच्या सीटवर गेला. पायाखाली क्लच आणि ब्रेक, हातात काही नाही. स्टिअरिंग कायम उजवीकडे, दुसऱ्याच्या हातात, आणि तो दुसरा म्हणजे कधी घाबरलेली मास्तरीण, कधी दरदरून घाम फुटलेला कारकून. तुम्ही फक्त सांगायचं. उंटावरून शेळ्या हाकायच्या. हजारो लोक तुमच्या शेजारी बसून शिकले आणि स्वतःच्या गाड्या घेऊन निघून गेले, आणि तुम्ही पुन्हा पहिल्या गिअरवर. आणि मग एक दिवस रंगाऱ्याच्या गॅरेजमध्ये तुम्ही नेहमीसारखे डावीकडे बसलात, आणि समोर स्टिअरिंग! अमेरिकन गाडी ना. तुमच्या रोजच्या जागेवर. चहा गार होईल नाहीतर काय.

हे मला तेव्हा सांगितलं असतंत तर मी कदाचित पांढरीचा हट्ट सोडला असता. तुम्ही सांगितलंत, "क्लासिक आहे, जगात मोजक्या उरल्यात." उरतीलच. शहाण्या माणसांनी बाकीच्या भंगारात दिल्या असतील.

आता एक गोष्ट कबूल करते, नाहीतर तुम्हीच कधीतरी तोंडावर फेकाल. पहिल्या संध्याकाळी आपण बाजारातून गेलो तेव्हा मी ताठ बसले होते. लोक दुकानातून बाहेर येऊन बघत होते. बँकेतल्या बाई, तुमच्या शिकाऊ, त्यांनी हात हलवला आणि मीही हलवला, राणीसारखा, नुसतं मनगट फिरवून. मजा वाटली. ते मनगट आठवलं की आता माझीच मला किळस येते.


बुधवार, १३ मार्च

काल भांडी पुसता पुसता चिमणीने विचारलं, "आई, तू नक्की कशाला घाबरलीस गं? गाडीत पाल होती का?"

मी म्हटलं, "कसली पाल?"

"बाबा म्हणाले तू एकदम किंचाळलीस, म्हणून त्यांचा पाय घसरला."

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. नाहीतर ते तरी आपटलं असतं नाहीतर माझी जीभ सुटली असती. मी एवढंच म्हटलं, "बाबांनाच नीट विचार."

हे तुम्ही लेकीला सांगितलंत. जावयाला सांगितलंत. रंगाऱ्याला सांगितलंत, कारण त्याने मला फोनवर "काकू, आता घाबरायचं नाही हं" असा धीर दिला. आणि चष्मेवाल्याला तर माझ्यादेखत सांगितलंत. त्याच्या खुर्चीत मी कपाळावर ओला रुमाल धरून बसले होते. तो म्हणाला, "बायकांचं असंच असतं, सर," आणि तुम्ही मान डोलावलीत. मी बोलले नाही. डोकं गरगरत होतं म्हणून बोलले नाही असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे, तुम्ही इतकं सहज खोटं बोललात की माझी वाचाच बसली.

तर आता मी सांगते काय झालं ते. तुम्हाला ठाऊक आहे, पण एकदा लिहिलेलं वाचा.

बाजाराचा रस्ता संपतो आणि डावीकडे वळायचं असतं. गाडी सावकाश चालली होती. तुमचं एक कोपर खिडकीबाहेर, दुसरा हात कवटीवर. वळण आलं आणि तुम्ही म्हणालात, "डावीकडे घ्या." मला वाटलं, कुणाशी बोलताय? "घ्या, घ्या, डावीकडे. आरसा बघा." मी तुमच्याकडे बघतच राहिले. माझ्या मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. समोर एक हातमोज्यांचा कप्पा, बाकी काही नाही. गाडी आपली सरळ चाललेली. तुम्ही शांतपणे वाट बघत होतात, शेजारचं माणूस कधी वळवतंय याची.

मग तुम्ही ब्रेक दाबलात. म्हणजे तुमच्या मते ब्रेक. पांढरीत तुमच्या बाजूला दोनच पेडल होती, डावं क्लचचं, उजवं ब्रेकचं. या बयेतही दोनच आहेत, पण तिला क्लच नाही. डावं ब्रेकचं आणि उजवं वेगाचं. तुमचा उजवा पाय जिथे इतकी वर्षं ब्रेक होता तिथे गेला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला. बयेने जी उडी घेतली ती चष्मेवाल्याच्या पायरीवर. दारावरची ती लाकडी चष्म्याची पाटी बॉनेटवर पडली. मी किंचाळले नाही. मला वेळच मिळाला नाही.

यापुढचं मी दोन पत्रांत लिहायचं टाळलं, कारण हात थांबायचा. माझं कपाळ पुढे आपटलं होतं. तुम्ही माझ्याकडे वळलात आणि त्या ठेवणीतल्या आवाजात म्हणालात, "ब्रेक का नाही दाबलात तुम्ही?"

मी तुम्हाला कोण वाटले त्या वेळी? मास्तरीण? बँकेतल्या बाई? मला असं कधी विचारत होतात माहीत आहे ना? लग्नाच्या आधी, मी तुमच्याकडे गाडी शिकायला यायचे तेव्हा. तेव्हाही तुम्ही ओरडायचात, आणि मी घरी जाऊन मैत्रिणीला सांगायचे की सर किती काळजीने ओरडतात. काळजी कसली आलीय! उजवीकडे जो बसेल त्याची चूक, एवढाच तुमचा नियम. आज शेजारी कोण बसलंय, त्याच्यापुढे स्टिअरिंग तरी आहे का, ते बघायचीसुद्धा तुम्हाला गरज वाटली नाही. नाचता येईना अंगण वाकडं. मी तुमचं अंगण.

तरी तेही मी सोडलं असतं. सवयीने माणूस चुकतं. मी पोट धरधरून हसले असते आणि मरेपर्यंत तुम्हाला चिडवलं असतं. पण पाटी उचलून झाली, लोक पांगले, तुम्ही भानावर आलात, तुमच्या लक्षात आलं की पाय कुठे पडला. मी तुमचा चेहरा पाहिला आहे, तुमच्या लक्षात आलं होतं. आणि त्यानंतर तुम्ही किंचाळण्याची गोष्ट रचलीत. आता ती गोष्ट सगळीकडे पसरली आहे आणि लोक माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलतात. गाडीत शेजारी बस म्हटलं तर मी बसले होते. या खोट्याच्या शेजारी मी बसणार नाही.

ज्यांना ज्यांना खोटं सांगितलंत त्यांना खरं सांगा. त्याआधी मी घरी येत नाही. चिमणीलाही मी काही सांगणार नाही. ते तुमचं काम आहे.


रविवार, १७ मार्च

काल तुम्ही आलात, पण लेकीसमोर आणि जावयासमोर मला तमाशा नको होता. म्हणून गप्प राहिले. तुम्ही समजलात की मी विरघळले. तसं नाही.

आधी तो बैल. चिमणीच्या इमारतीखाली तीनदा हंबरला. चारही मजल्यांवरची माणसं बाल्कनीत आली. खाली बघते तर बयेला नवा दिवा, पोचा काढलेला, आणि पोचा होता तिथे आणखी एक जाळाचा लोळ! जिथे माझं डोकं फुटता फुटता राहिलं, तिथे तुम्ही नक्षी काढून घेतलीत. खोटं सांगत नाही, मी आत जाऊन चूळ भरून आले.

मग आम्ही खाली आलो तेव्हा तुम्ही उजवीकडचं दार उघडलंत आणि आत बोट दाखवलंत. पांढरीचा ब्रेकचा जोड, शिकवणाऱ्याच्या पायाखालचं ते जादा पेडल. विकण्याआधी तो काढून ठेवला होतात, तो रंगाऱ्याकडून या बयेत बसवून घेतला, वर चांदीचा मुलामा देऊन. "घे," तुम्ही म्हणालात, "आता तुझ्या पायाखालीही ब्रेक आहे. मनात येईल तेव्हा थांबव मला." चिमणीने टाळ्या वाजवल्या. जावईबापू म्हणाले, "आई, बाबांनी किती मनावर घेतलं बघा." तुमचे डोळेही भरून आले होते. तुम्हाला मनापासून वाटत होतं की ही माफी आहे.

वरातीमागून घोडं, आणि तेही दुसऱ्याच्याच वरातीत.

मी ब्रेक मागितला होता का? कुठल्या पत्रात? तुम्ही विचारलंत की ब्रेक का नाही दाबलात, आणि मी सांगितलं की माझ्याकडे ब्रेक नव्हता. त्यावर तुम्हाला काय सुचलं, तर मला ब्रेक द्यावा! म्हणजे पुढच्या वेळी आपटलो की तुमचा प्रश्न बरोबर ठरेल. स्टिअरिंग तुमच्या हातात, वेग तुमच्या पायात, आणि गाडी थांबली नाही तर दोष माझा. आजवर तुमच्याकडे ब्रेक होता आणि स्टिअरिंगवाल्याची चूक होती. आता माझ्याकडे ब्रेक असेल आणि ब्रेकवालीची चूक असेल. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभसुद्धा जळलेला नाही, त्याला नुसता मुलामा दिलाय.

बायकोला दागिना द्यावा तसं तुम्ही ते पेडल दाखवत होतात. त्याची मला जेवढी किळस आली तेवढी त्या जांभळ्या लोकरीचीही आली नव्हती.

तुम्हाला खरंच कळत नसेल तर तुमच्याच भाषेत सांगते. दर रविवारच्या वर्गात तुम्ही लोखंडी बोर्डावर चुंबकाच्या गाड्या लावता, कुठलातरी अपघात मांडता आणि वर्गाला विचारता, "चूक कोणाची?" सगळे सांगेपर्यंत पुढे सरकत नाही. तोच तुमचा धडा प्रसिद्ध आहे. तर एक रविवार हा अपघात मांडा. बाजाराचा रस्ता, डावं वळण, चष्मेवाल्याची पायरी. गाडी नारिंगी. जे झालं तेवढंच सांगा आणि मग प्रश्न विचारा.

मला उत्तर पाठवू नका. बैलही पाठवू नका.


सोमवार, २५ मार्च

आज सकाळी बँकेतल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "काकू, गाडी कधी सुरू होणार ते विचारायचं होतं." मग जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "काल वर्गात सर काहीतरी वेगळंच बोलले." मी म्हटलं, "जसं झालं तसं सांगा. काही गाळू नका." तुम्ही नंतर ते वेगळं सांगाल म्हणून त्यांनी सांगितलं ते इथे लिहून ठेवते.

कलप धुऊन टाकलेला होता म्हणे. डोकं पांढरंशुभ्र. वर्गाने ओळखायलाच वेळ घेतला.

तुम्ही एका चुंबकाला नारिंगी रंग लावून आणला होता. रस्ता काढलात, वळण काढलंत. सांगितलंत की डावीकडचा माणूस सांगत राहिला, डावीकडे घ्या. उजवीकडच्या बाईंनी वळवलं नाही, ब्रेकही दाबला नाही. गाडी पायरीवर गेली. चूक कोणाची?

आणि वर्ग एका सुरात म्हणाला, "उजवीकडच्या बाईंची!"

शाबास. शिकवण चांगलीच मुरली आहे.

बाई म्हणाल्या, सर बोर्डाकडे वळले. मग म्हणाले, "गाडी अमेरिकन आहे. स्टिअरिंग डावीकडे आहे." मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "मग शिकवणाऱ्याची चूक, सर." तुम्ही म्हणालात, "शिकवणारा त्या गाडीत नव्हताच. चालवणारा होता. तो मी. माझा पाय चुकला आणि मी शेजारच्या माणसाला विचारलं की ब्रेक का नाही दाबलात. नंतर सगळ्यांना सांगितलं की ती किंचाळली. ती किंचाळली नव्हती."

मग एका पोराने विचारलं, "आणि उजवीकडे कोण होतं, सर?"

"माझी बायको," तुम्ही म्हणालात. "तिच्यापुढे काहीच नव्हतं."

फोन ठेवून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. रागही आला. एवढ्या परक्यांसमोर जे बोलता आलं ते तुम्हाला माझ्याशी घरात, ओट्यापाशी उभं राहून, दोन शब्दांत बोलता आलं नसतं का? पण तुमचं तोंड फक्त बोर्डासमोरच उघडतं. हे माहीत असूनच मी बोर्डाचं नाव घेतलं होतं.

दुपारी चिमणी आली ती गप्प गप्प. तुमचा तिलाही फोन आला होता. जावईबापूही बुटाच्या लेसकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, "आई, आम्ही उगाच ऐकून घेतलं." चष्मेवाल्याकडे आणि रंगाऱ्याकडे तुम्ही अजून गेला नाहीत असं कळतं. जा. मी यायच्या आत त्यांनाही कळू दे, दुकानं कुठे पळून जात नाहीत.

त्या बयेचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या लेखी ती अजून ओंगळच आहे आणि राहील. डावीकडे बसून स्टिअरिंग धरायचं तुमचं सुख मला कळतं, त्याला मी हसणार नाही. एकटे बसा आणि खुशाल फिरा. पण तो ब्रेकचा जोड काढून घ्या, मुलामा खरवडून टाका. स्कूलला साधी गाडी लागेल, तिला बसवू. शिकणारे खोळंबलेत आणि मला त्यांना काहीतरी सांगायचं आहे.

उद्या दुपारी येते. बसने येईन. न्यायला येऊ नका.